मातीत झोपणारा मासा घरच्या टाकीत: लंगफिशच्या हौसेचा सगळा हिशेब

मोबाईलवर एक व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला असेल. आफ्रिकेतला एक माणूस भेगाळलेल्या कोरड्या जमिनीत खोदतोय. ढेकूळ फुटतं आणि आतून हातभर लांबीचा काळपट मासा निघतो. पाण्यात टाकला की हलायला लागतो. खाली लिहिलेलं असतं, "पाच वर्षं पाण्याविना जगणारा मासा". हाच तो लंगफिश, म्हणजे फुप्फुसाचा मासा. व्हिडिओ बघून झाला की पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: हा विकत मिळतो का, घरी पाळता येतो का?

मोठ्या शहरांतल्या मत्स्यालयाच्या दुकानांत आणि ऑनलाईन ग्रुपवर असे वेगळे मासे विकले जातात. पूर्वी ही हौस शहरापुरती होती. आता तालुक्याच्या गावातही काचेच्या टाक्या दिसतात आणि पार्सल तर सगळीकडं पोचतं. म्हणून हा विषय निव्वळ गंमतीचा राहिलेला नाही. यात पैसा आहे, पाणी आहे, कायदा आहे आणि आपल्या तळ्या-नद्यांचा प्रश्नही आहे. एकेक बघू.

हा मासा आहे तरी कोण?

जगात आज लंगफिशच्या फक्त सहा जाती उरल्यात. चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात. ही मंडळी फार जुनी. डायनासोर यायच्या आधीपासून त्यांचे पूर्वज पाण्यात होते. बेडूक, साप, पक्षी, गाय, माणूस असे जे चार हातापायांचे प्राणी पुढं जमिनीवर आले, त्यांचा आज हयात असलेल्या माशांमधला सगळ्यात जवळचा नातेवाईक लंगफिशच आहे.

शास्त्रज्ञांना याचं एवढं कौतुक त्यामुळंच. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन लंगफिशचा जनुकीय आराखडा वाचून झाला, तो माणसाच्या आराखड्यापेक्षा सुमारे चौदा पट मोठा निघाला. २०२४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या जातीचा वाचला, तो माणसाच्या सुमारे तीस पट. आजवर जेवढ्या प्राण्यांचा वाचला त्यातला हा सगळ्यात मोठा.

आता आपल्याकडच्या माशांशी तुलना करू. आपली मरळ, मागूर, शिंगी हे मासेही वरच्या हवेवर जगतात. बाजारात पाण्याबाहेर काढून ठेवलेली मरळ तासनतास वळवळते, ते त्यामुळंच. तळं आटत आलं तरी मरळ ओल्या चिखलात काही काळ तग धरते, हे जुन्या माणसांना माहीत आहे. पण मरळीला फुप्फुस नसतं, कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा घ्यायची तिची सोय असते. लंगफिशला मात्र आपल्यासारखं खरंखुरं फुप्फुस असतं. आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या जातींना दोन, ऑस्ट्रेलियाच्या जातीला एक.

यातून एक गोष्ट निघते, आणि पाळणाऱ्याने ती आधी ध्यानात ठेवायची. मोठा झालेला आफ्रिकन लंगफिश वर येऊन हवा घेऊ शकला नाही तर तो पाण्यात बुडून मरतो. मासा आणि बुडून मरतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. ऑस्ट्रेलियन जात कल्ल्यावर भागवू शकते. तिला फुप्फुस लागतं ते पाण्यात प्राणवायू कमी पडला तर.

व्हिडिओतलं किती खरं?

मातीत झोपण्याचा प्रकार खरा आहे, पण सगळ्या जातींचा नाही. ऑस्ट्रेलियन लंगफिशला तो येतच नाही. पाणी आटलं आणि अंग कोरडं पडलं तर तो मरतो. आफ्रिकेतही मोठ्या तळ्यांत राहणाऱ्या लंगफिशवर अशी वेळ क्वचित येते. यात खरा तरबेज तो पश्चिम आफ्रिकेचा लंगफिश, आणि दुकानात बहुतेक वेळा हाच मिळतो.

पाणी आटू लागलं की तो तोंडाने चिखल उकरत खाली जातो. आत शरीर दुमडून घेतो, शेपूट डोक्यावर येते. अंगातून चिकट स्राव सोडतो. तो वाळला की पातळ चामड्यासारखं वेष्टण तयार होतं. फक्त तोंडाजवळ हवेसाठी एक भोक राहतं. मग हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराचा खर्च अगदी कमी होतो. जागा असताना मासा अमोनिया बाहेर टाकतो, झोपेत मात्र त्याचा युरिया करून अंगातच साठवतो. नाहीतर तो स्वतःच्याच विषाने मेला असता. पाऊस पडला, खड्ड्यात पाणी शिरलं की वेष्टण विरघळतं आणि मासा पुन्हा पोहायला लागतो.

किती दिवस? निसर्गात एक उन्हाळा, म्हणजे काही महिने. प्रयोगशाळेत चार वर्षांच्या आसपास जगल्याची नोंद आहे. होमर स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मूत्रपिंडाचा अभ्यास करण्यासाठी १९२८ मध्ये आफ्रिकेत जाऊन हे मासे मिळवले होते. त्यांच्यावरच्या कामातून उपाशी शरीर कसं चालतं याबद्दल बरंच कळलं.

पण हे फुकटात होत नाही. झोपेत मासा स्वतःचंच मांस जाळून जगतो. जेवढे दिवस जास्त, तेवढा तो खंगत जातो. "पाच वर्षं आरामात झोपतो" असं समजू नका. दुष्काळात उभं जनावर जसं हाडाला लागतं, तसंच हे. म्हणून घरच्या टाकीत पाणी आटवून "बघू झोपतो का" असा खेळ करायचा नाही. चिखल चुकीचा असला, भोक बुजलं किंवा मासा आधीच अशक्त असला तर तो आतच मरतो, आणि ते बाहेर कळतही नाही. रीलला व्ह्यू मिळतील, जीव मात्र जाईल.

पाळायचा तर काय लागतं?

दुकानात तो वीतभर दिसतो. किंमत ऐकून वाटतं, परवडेल. पण पश्चिम आफ्रिकेचा लंगफिश नीट खाल्लं तर हात-दीड हात सहज वाढतो, मोठा तर मीटरभरापर्यंत जातो. पूर्व आफ्रिकेतली ठिपक्यांची जात दोन मीटरपर्यंत जाते. ती घरात ठेवायची गोष्टच नाही.

एका मोठ्या लंगफिशला निदान सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकी लागते. उंचीही दोन फूट धरली तर २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी. वजन ६८० किलो, जवळपास सात क्विंटल. त्यात काच आणि स्टँड वेगळं. सोयाबीनची ५० किलोची तेरा-चौदा पोती एका जागी रचल्यासारखं हे ओझं झालं. माडीवर किंवा जुन्या लाकडी पाटणीवर ठेवायची हिंमत करू नका.

टाकी भरताना काठोकाठ भरायची नाही. पाणी आणि झाकण यांच्यात चार-पाच बोटं हवा हवीच, कारण तो वर येऊन श्वास घेतो. झाकण मात्र घट्ट आणि वजनदार पाहिजे. हा मासा ताकदवान आहे, फट दिसली तर बाहेर पडतो. तळाला बारीक वाळू टाका, टोकदार खडे नको. लपायला मोठा पाईप किंवा दगडाची कपार द्या. उजेड कमी ठेवा, कारण हा बराचसा रात्री फिरणारा मासा आहे. पाण्याचं तापमान २५ ते २८ अंश ठेवा. आपल्याकडं हिवाळ्याच्या रात्री हीटर लागतो, आणि त्याला जाळी लावावी लागते, नाहीतर मासा अंग भाजून घेतो. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय टाकीत सोडायचं नाही.

एका टाकीत एकच. ही अट मोडली की नुकसान ठरलेलं. लंगफिशच्या जबड्यात दातांच्या जाड पट्ट्या असतात, गोगलगायीचं कवच फोडायला बनलेल्या. दुसरा लंगफिश ठेवला तर एकमेकांचे पर आणि शेपट्या तोडतात. लहान मासे ठेवले तर ते खाद्य होतात. तुटलेले पर पुन्हा फुटतात, ही या माशाची खासियत, पण तुमचं बोट काही पुन्हा फुटणार नाही. टाकीत हात घालताना चिमटा वापरा आणि लहान पोरांना लांब ठेवा.

खायला गोगलगाय, झिंगे, गांडूळ, माशाचे तुकडे. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज घातलं की लठ्ठ होतो आणि पाणी घाण होतं. शेतातून गोळा केलेली गोगलगाय किंवा गांडूळ देणार असाल तर त्या रानात औषध फवारलेलं नाही याची खात्री करा. सोयाबीनमध्ये गोगलगायीसाठी गोळ्या टाकलेल्या असतील तर त्या गोगलगायी माशाला घालायच्याच नाहीत.

पाण्याचा आणि लाईटचा हिशेब

हौसेच्या गोष्टीत हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून इथं मांडतो.

हा मासा मांस खातो, त्यामुळं पाण्यात अमोनिया लवकर साठतो. वरून हवा घेतो म्हणून त्याला घाण पाणी चालतं, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. श्वास वरून घेतला तरी कातडी आणि कल्ले त्याच पाण्यात असतात. आठवड्याला निदान पाव टाकी पाणी बदलावं लागतं. ६८० लिटरचा पाव हिस्सा १७० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या अकरा घागरी. दर आठवड्याला. वर्षाचं झालं जवळपास ८,८०० लिटर. ट्रॅक्टरचा ५ हजार लिटरचा टँकर धरला तर पावणेदोन खेपा.

ज्या गावात बारमाही पाणी आहे तिथं हा आकडा काही नाही. काढलेलं पाणी झाडांना घातलं तर खतही होतं, वाया जात नाही. पण ज्या गावात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते, तिथं एका माशासाठी आठवड्याला अकरा घागरी काढायच्या का, हे घरातल्या बाईला विचारून ठरवा. बहुतेक घरांत पाणी भरायचं काम तिच्याकडंच असतं.

लाईटचं म्हणाल तर फिल्टरची ३० वॅटची मोटर चोवीस तास चालली तर दिवसाला पाऊण युनिटाच्या आत, महिन्याला २२ युनिटच्या आसपास. हिवाळ्यात हीटरचं वेगळं. लोडशेडिंगमध्ये गोल्डफिश तडफडतात तसा हा तडफडणार नाही, एवढा एक फायदा. पण फिल्टर बारा-चौदा तास बंद राहिला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरायला लागतात आणि पाणी बिघडतं.

आणि शेवटचा खर्च वर्षांचा. नीट सांभाळला तर हा मासा वीस वर्षांच्या पुढं जाऊ शकतो. आज आठवीतल्या पोराने हट्ट केला, तर त्या पोराचं लग्न होऊन त्याची पोरं शाळेत जातील तरी मासा टाकीतच असेल.

नव्वदीतले मासे

वर्षांचा विषय निघाला म्हणून दोन माशांची माहिती सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत शिकागोच्या शेड मत्स्यालयात १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियातून एक लंगफिश आणला होता. लोक त्याला 'ग्रँडडॅड', म्हणजे आजोबा म्हणायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो गेला, त्याचं वय नव्वदच्या पुढं असावं असा अंदाज होता. मधल्या ८३-८४ वर्षांत दुसरं महायुद्ध झालं, आपला देश स्वतंत्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन आला.

दुसरा सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाईनहार्ट मत्स्यालयातला 'मेथुसेला'. हा मादी असल्याचं मानतात. ती १९३८ मध्ये तिथं आली. २०२३ मध्ये तिच्या डीएनएवरून वय काढलं तेव्हा ९२ च्या आसपास आलं.

हे मासे टिकले ते त्यांच्यामागं संस्था होती म्हणून. पगारी माणसं, डॉक्टर, पाण्याची यंत्रणा. एक सांभाळणारा निवृत्त झाला की दुसरा आला. घरात असं नसतं. घरात पोरगं कॉलेजला पुण्याला जातं आणि टाकी आईबापाच्या गळ्यात पडते.

माशासाठी थांबलेलं धरण

ऑस्ट्रेलियन लंगफिश मुळात क्वीन्सलँड राज्यातल्या मेरी आणि बर्नेट या दोन नद्यांचा. गेरार्ड क्रेफ्ट यांनी १८७० मध्ये त्याची शास्त्रीय ओळख जगाला करून दिली. १९१४ पासून तिथं त्याला संरक्षण आहे. तो धरायचा तर परवाना लागतो.

२००६ मध्ये क्वीन्सलँड सरकारने मेरी नदीवर ट्रॅव्हेस्टन क्रॉसिंग इथं मोठं धरण जाहीर केलं. दुष्काळ होता, शहरांना पाणी हवं होतं. ज्यांची शेती बुडणार होती ते शेतकरी रस्त्यावर उतरले. इथवरची गोष्ट आपल्याला नवी नाही, धरणग्रस्त म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण तिथं शेतकऱ्यांच्या बाजूने एक मासा आणि एक कासवही उभं राहिलं. हा लंगफिश उथळ पाण्यातल्या वनस्पतींवर अंडी घालतो. धरणाच्या फुगवट्यात पाण्याची पातळी वरखाली होत राहते, त्यात वनस्पती टिकत नाहीत आणि अंडी कोरडी पडतात. २००९ च्या शेवटी केंद्रीय पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट यांनी धरणाला परवानगी नाकारली. लंगफिश, मेरी नदीतलं कासव आणि तिथला कॉड मासा यांच्यावर होणारा परिणाम हे कारण दिलं गेलं.

शहराला पाणी देणं चूक होतं असं कोणी म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की ज्या माशाची एवढी किंमत त्याच्या देशात केली जाते, तो "शोपीस" म्हणून विकत घेण्याआधी दोनदा विचार करावा.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडच्या वाचकाला खरं अडचणीत आणणारी गोष्ट ही आहे, म्हणून नीट वाचा.

ऑस्ट्रेलियन लंगफिश 'साईटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे देशाबाहेर न्यायचा तर कागदपत्रं लागतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यात साईटिसच्या यादीतल्या जातींसाठी वेगळी चौथी अनुसूची आली. पुढं २८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने नियम काढले: अशा जातीचा जिवंत प्राणी ज्याच्याकडं असेल त्याने सहा महिन्यांत 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. त्यानंतर नवा घेतला तर तीस दिवसांत. जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं, सगळं कळवायचं. ही सहा महिन्यांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली.

हा नियम फक्त लंगफिशला नाही. वास्तूसाठी, भरभराटीसाठी म्हणून जो आशियाई अरोवाना लोक महागात घेतात, तो तर साईटिसच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे अधिक कडक. अमेझॉनचा अरापायमाही यादीत आहे. दुकानात 'अरोवाना' नावाखाली दुसऱ्या जातीही विकतात, त्यांना हा नियम लागू नसतो. म्हणून पावतीवर माशाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

आफ्रिकन आणि दक्षिण अमेरिकन लंगफिश साईटिसच्या यादीत नाहीत, त्यामुळं ही नोंदणी त्यांना लागू होत नाही. पण परदेशातून जिवंत मासा आणायचा तर सरकारी परवानगी आणि क्वारंटाईन लागतंच. प्लास्टिकच्या पिशवीत चोरून आलेल्या माशाबरोबर कुठला रोग आला हे कोणाला कळणार? तो रोग पुढं मत्स्यशेतीत शिरला तर तळेवाल्यांचं नुकसान.

खरी भीती: "दे सोडून तळ्यात"

टाकीतला मासा मोठा झाला, कंटाळा आला, पाणी बदलणं होईना, मग काय? माणूस दयाळू असतो. मारवत नाही, म्हणून नेऊन तळ्यात सोडतो. खरा धोका या दयेतच आहे, आणि त्याची उदाहरणं आपल्या दारात आहेत.

तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, तो १९५२ मध्ये भारतात आला. आज उजनीसारख्या जलाशयात जाळं टाकलं की चिलापी येतेच. त्यावर काहींचं पोटही चालतं, हे मान्य. पण जुन्या देशी जाती किती कमी झाल्या ते भीमाकाठच्या कोणत्याही म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारा. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्यावर २००० साली बंदी आली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याचा साठा नष्ट करायला सांगितलं. भिवंडी, इंदापूर भागात मत्स्य विभागाने कारवाया करून टनावारी मासे पुरले. काच साफ करतो म्हणून टाकीत ठेवला जाणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा लोकांनी असाच सोडून दिला. आंध्र, बंगाल, केरळमध्ये तो पसरला आणि आपल्या राज्यातल्या जलाशयांतही मच्छीमारांच्या जाळ्यात यायला लागला. त्याचे काटे जाळी फाडतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

लंगफिशच्या स्वतःच्या देशातही हेच झालं. पूर्व आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च नावाचा मोठा मासा बाहेरून आणून सोडला. निर्यातीचा धंदा उभा राहिला, डॉलर आले. पण सरोवरातल्या शेकडो जातींचे छोटे मासे संपले किंवा दिसेनासे झाले. लंगफिशही तिथं पूर्वीपेक्षा कमी झालाय. अति मासेमारी आणि काठच्या पाणथळीत झालेली शेती ही त्याची कारणं. युगांडात बागांडा लोकांमध्ये लंगफिशच्या नावाचं 'म्मांबा' हे मोठं कुळ आहे. आपल्याकडं देवक असतं तसंच म्हणा, त्या कुळाची माणसं हा मासा खात नाहीत.

आता शेततळ्याचा विचार करा. नको असलेले मासे घालवायचे तर आपण काय करतो? उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवतो आणि तळ उन्हात तापवतो. जो मासा तळ आटला की मातीत शिरून महिनोनमहिने जगतो, त्याच्यापुढं हा उपाय चालणार कसा? एकटा मासा पिल्लं घालणार नाही हे खरं. पण एकाने सोडला तर दुसराही सोडतो. सकर असाच एकेकाच्या सोडण्यातून वाढला. शिवाय कटला-रोहूची बोटुकली टाकलेल्या तळ्यात एक मोठा मांसाहारी मासाही पुरेसं नुकसान करतो.

आपल्याच मातीतला जुना पाहुणा

एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगता येईल. लंगफिश आपल्याला अगदीच परका नाही. गडचिरोलीच्या सिरोंचा भागाला लागून प्राणहिता वाहते. नदीपलीकडं, आज तेलंगणात असलेल्या मालेरी गावाजवळच्या खडकात लंगफिशच्या दातांच्या पट्ट्यांचे जीवाश्म सापडलेत. तो खडक वीस कोटी वर्षांपेक्षा जुना. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना दगड-जीवाश्मांचा नाद होता, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. मालेरीच्या एका लंगफिशला १८५९ मध्ये 'सेराटोडस हिस्लोपियानस' असं त्यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे हा मासा कधीकाळी गोदावरीच्या खोऱ्यात होता. तो इथून संपला त्याला कोट्यवधी वर्षं झाली. आता तो पिशवीतून आणून तळ्यात सोडला म्हणजे "घरी परत आणला" असं होत नाही. तेव्हाची नदी वेगळी, आजची वेगळी.

मग करायचं काय?

पाळायचाच असेल तर घेण्याआधी पाच प्रश्न स्वतःला विचारा. सहा फुटी टाकीला तळमजल्यावर पक्की जागा आहे का? मे महिन्यातही आठवड्याला १७० लिटर पाणी निघेल का? जात कुठली, पावतीवर शास्त्रीय नाव आहे का? वीस वर्षं कोण सांभाळणार? आणि जमलं नाही तर परत घेणारा माणूस किंवा दुकान आहे का? एकाही प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर घेऊ नका.

आधीच घेतला असेल तर घाबरायचं कारण नाही. आफ्रिकन असेल तर एकटा ठेवा आणि मोठ्या टाकीची सोय लावा. ऑस्ट्रेलियन असेल, किंवा घरात आशियाई अरोवाना असेल, तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचं विचारा. मुदत गेली म्हणून लपवून ठेवल्याने प्रश्न वाढतो, सुटत नाही. सांभाळणं होत नसेल तर जाणत्या हौशी माणसाला किंवा मत्स्यालयाला द्या. नदी, ओढा, विहीर, पाझर तलाव, शेततळं, कुठंही सोडू नका. मेला तर खोल पुरा, पाण्यात फेकू नका.

ज्यांना घरात मासा बघायची हौस आहे आणि खिसा बेताचा आहे, त्यांच्यासाठी दीड-दोन फुटाच्या टाकीत राहणारे छोटे मासे भरपूर आहेत. आणि ज्यांना माशातून चार पैसे करायचे आहेत त्यांनी तालुक्याच्या मत्स्य विभागात जाऊन शेततळ्यातल्या कटला, रोहू, मृगळची माहिती घ्यावी. त्याला बाजार आहे, बी मिळतं, योजना आहेत.

गावच्या तलावात कुणी अनोळखी मासा सोडताना दिसला, किंवा जाळ्यात आला, तर फोटो काढा, परत पाण्यात टाकू नका आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. लंगफिशचा व्हिडिओ पुढं पाठवलात, तसा हा फोटोही पाठवा.